बहिणीचं छप्पर

ओळीच्या तोंडाशी उभा राहून ग्लेननं एक बोट लुपेकडं केलं, एक सेमिसीकडं, आणि दोन्ही बोटं एकत्र जुळवली. द्राक्षाच्या एका ओळीला दोन माणसं, तारेच्या अल्याड एक आणि पल्याड एक, अशी छाटणी चालायची. भाऊ-बहीण आहेत, एकमेकांना धरून काम करतील, असा मुकादमाचा साधा हिशेब.

लुपे जागची हलली नाही. हातातली कात्री तिनं उगाच उघडली, मिटली.

"आता काय?" ग्लेन म्हणाला.

"मी लानबरोबर जाते."

"लान पार त्या टोकाला आहे."

"जाते टोकाला."

सेमिसी तोवर पाठ फिरवून तिसऱ्याच ओळीत शिरला होता. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नव्हतं. ग्लेननं दोघांच्या पाठी पाहिल्या आणि जमिनीवर पचकन थुंकला. "घरचं भांडण घरी मिटवा. माझ्या बागेत नको."

हिवाळ्याचे दिवस. रात्री नदीवरनं गारठा सरकत यायचा आणि सकाळी वेलींवर, तारांवर, गवतावर पांढरं हिव गोठून बसायचं. कात्रीचा दांडा बोटांना चिकटायचा. पहिला तासभर कुणाचीच बोटं आपली नसायची. काडी धरायची, कोंब फुटायचे दोन डोळे राखायचे, कट्, आणि छाटलेली काडी ओढून खाली टाकायची. ओढताना ती गालावर चाबकासारखी बसायची. सगळ्या बायकांच्या गालांवर तसे ओरखडे होते.

लान व्हिएतनामची. बुटकी, तोंडाची खमकी, हात मशीनसारखा. लुपे समोर येऊन उभी राहिली तशी ती तारेतून हसली.

"परत पळालीस? एवढा ताडमाड भाऊ. मला असता तर त्याच्या खांद्यावर बसून छाटणी केली असती."

"भाऊ आहे म्हणूनच."

"भाऊ आहे म्हणून पळायचं?"

"पळत नाही. मान राखते. त्यानं माझा राखायचा, मी त्याचा."

"तुझा मान फार पायपीट करायला लावतो बाई," लान म्हणाली. "आणि हा ग्लेन दिवसभर कसले चावट विनोद करतो, ते ऐकतेस ना?"

"ते भावाच्या देखत माझ्या कानावर पडू नयेत, म्हणून तर."

लाननं कात्री थांबवली, विचार केला आणि मान हलवली. "हां. हे मला कळलं."

चार ओळींपलीकडून खोकला आला. कोरडा, खोल. लुपेचा हात काडीवर अडला. खोकला थांबेपर्यंत तिनं ती काडी कापली नाही.

सेमिसी तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. लुपे फेलेतीशी लग्न करून टोंगाहून इकडं ऑस्ट्रेलियात आली, तेव्हा त्याला नुकती दाढी फुटत होती. आता दाढीत पांढरं आलं होतं. मधल्या काळात आई गेली, तेव्हा थोरली लेक नोआ पोटात होती म्हणून लुपेला जाता आलं नव्हतं. आईला माती सेमिसीनं एकट्यानं दिली. हंगामाच्या कामावर माणसं नेतात त्यात त्याचा नंबर लागला, तेव्हा ठेकेदाराला सांगून फेलेतीनं त्याला आपल्याच गावात मागून घेतलं. नाहीतर कामगारांचा कॅम्प होता बदामाच्या बागांकडं, गाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एकदा तिकडं गेला असता तर हंगाम संपल्यावर विमानात बसतानाच दिसला असता.

आला त्या दिवशी सेमिसी घराला वळसा घालून, पिशवी घेऊन सरळ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. कुणी त्याला जा म्हटलं नाही, कुणी थांबवलं नाही. गवत कापायचं यंत्र, जुनी टायरं, चर्चच्या घडीच्या खुर्च्या यांच्यामध्ये त्यानं चटई अंथरली. गावाकडंही जाणता झालेला मुलगा बहिणीच्या छपराखाली निजत नाही, परसातल्या वेगळ्या खोपटात निजतो. फरक एवढाच, की गावाकडं रात्री अंगावर सुती फडकं पुरतं.

पहिल्याच दिवशी लुपेच्या लेकानं, सोसेफोनं, त्याच्या डोक्यावरची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली. भाच्याचा हक्कच तो. मामाचं काहीही उचलावं, मामानं हसावं. सेमिसी हसला. त्यानंतर बागेत तो उघड्या डोक्यानंच जायचा.

*

संध्याकाळी लुपेनं अळूच्या पानांत डब्यातलं मांस, कांदा आणि नारळाचं दूध बांधून शिजवलं. कसाव्याचे कंद उकडले. परसातल्या लोखंडी पिंपात लाकडं पेटवून तिनं मुठीएवढे दगड तापत घातले होते. ते पोत्यात गुंडाळले आणि लेकीला हाक मारली.

"नोआ, मामाला ताट दे. आणि दगड."

"दगड," नोआ म्हणाली. "मैत्रिणींच्या घरी पाहुण्याला हीटर देतात. आपल्याकडं दगड."

"शेडमध्ये वीज नाही."

"घरात आहे!"

नोआ सोळा वर्षांची. इथंच जन्मली, इथंच वाढली. घरात टोंगाची भाषा बोलायची, पण रागावली की इंग्रजीत जायची. आत्ता ती अजून घरच्याच भाषेत होती. "आई, तो रात्रभर खोकतो. माझ्या खिडकीतून ऐकू येतं. मला झोप लागत नाही."

"मलाही लागत नाही."

"मग आत बोलव ना त्याला."

"मी बोलवायचं नसतं आणि त्यानं यायचं नसतं. ताट गार होतंय."

नोआ पाय आपटत गेली, आली आणि सोफ्यावर सोसेफोच्या पांघरुणात शिरली. दोघं बहीण-भाऊ एका पांघरुणात, पाय एकमेकांच्या अंगावर टाकून सिनेमा बघत बसली. पडद्यावर एक बाई आणि एक बाप्या एकमेकांच्या तोंडात तोंड घालून उभे होते.

तेवढ्यात मागचं दार लोटून सेमिसी रिकामं ताट परत द्यायला आला. त्यानं पडदा पाहिला, मग पांघरूण पाहिलं. ताट पायरीवर ठेवून तो आल्या पावली मागं फिरला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुकून उघडं काही दिसलं की माणूस जसा मान खाली घालतो, तशी त्यानं घातली होती.

स्वयंपाकघरातून लुपेनं हे सगळं पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढं होऊन तिनं टीव्ही बंद केला.

"आई!"

"एका पांघरुणात बसू नका. थोराड झालात."

"हा माझा भाऊ आहे," नोआ म्हणाली. "ह्याचा शेंबूड मी पुसलाय."

"म्हणूनच," लुपे म्हणाली. सकाळपासून हा शब्द तिच्या तोंडून दुसऱ्यांदा गेला. ती पायरीवरचं ताट उचलायला गेली. ताटातला अर्धा कसावा तसाच होता.

*

शनिवारी ठेकेदाराच्या कचेरीतून केरी नावाची बाई आली. कामगारांच्या राहण्याची सोय बघणं हे तिचं काम. चेहऱ्यानं भली होती. दारात तिनं बूट काढले, तेव्हा लुपेला वाटलं, ही समजून घेईल.

"तुमच्याकडं एक कामगार शेडमध्ये राहतो असं कानावर आलं," ती म्हणाली. नोआनं ते घरच्या भाषेत सांगितलं. सांगताना ती आईकडं बघत नव्हती.

सेमिसीला बोलावणं गेलं. मोठ्या माणसासमोर उभं राहायचं म्हणून टोंगाच्या रिवाजाप्रमाणं त्यानं कामाच्या पँटवरच कमरेला चटई गुंडाळली, दोरीनं बांधली आणि दारात येऊन उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. नोआनं लाजून डोळे मिटले. आता बोलणं निजण्याचं, अंथरुणाचं निघणार. भाऊ समोर असताना लुपेला तिथं थांबता येईना. ती स्वयंपाकघरात भिंतीआड गेली आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली. केरीनं तिला जाताना पाहिलं.

"तुम्हाला शेडमध्ये कुणी झोपायला सांगितलं?"

"कुणी नाही," सेमिसी म्हणाला. "माझं मला कळतं."

"घरात यायची तुम्हाला परवानगी आहे का?"

सेमिसीनं जमिनीकडं पाहिलं. "घर बहिणीचं आहे."

नोआनं जसंच्या तसं सांगितलं. केरी थोडी पुढं झुकली. आवाज हळू करून म्हणाली, "बहिणीला भिता तुम्ही?"

नोआ थांबली. हा प्रश्न सांगावा की नाही, असं तिच्या तोंडावर दिसलं. मग तिनं सांगितला. सेमिसीला त्यात अवघड काही वाटलं नाही. असा प्रश्न विचारावा लागतो याचंच त्याला नवल वाटलं.

"भितो तर. मोठी बहीण आहे. तिला नाही भ्यायचं तर कुणाला?"

भिंतीआड लुपेनं तोंडावर हातातलं फडकं दाबून धरलं. बाहेर जावं, नीट सांगावं, असं तिच्या पायांना वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. नोआनं उत्तर सांगितलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला असावा, कारण ती घाईनं पुढं बोलायला लागली. हे तसं नाही, आमच्यात असं असतं. पण केरी आता तिच्याकडं पाहत नव्हती. ती शेडकडं निघाली होती.

परत आली ती बूट घालूनच बोलली. भिंतीला ऊब नाही, खिडकी नाही, पेट्रोलचा डबा उशाला. माणूस आजारी. बुधवारी ती परत येईल. तोवर हा माणूस घरात, नीट पलंगावर निजत असला पाहिजे. नसेल तर त्याला कॅम्पात हलवावं लागेल. आणि फेलेतीकडं वळून ती म्हणाली, "तुम्ही आमच्या माणसांची ने-आण करता. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ती गेल्यावर फेलेती खुर्चीत बसला. कामगारांची गाडी तो चालवायचा. गाडीची किल्ली गळ्यात दोरीला होती, ती त्यानं मुठीत धरली. "कुणी सांगितलं असेल तिला? शेजारच्यानं?"

"मी," नोआ म्हणाली.

फेलेतीनं मुठीतली किल्ली सोडली.

"तक्रार नाही केली. शाळेत बाईंनी विचारलं, वर्गात का पेंगतेस. म्हटलं, मामा शेडमध्ये खोकत असतो. एवढंच म्हटलं." आणि मग इंग्रजीत, "खोटं होतं का ते?"

"खोटं नव्हतं," लुपे म्हणाली.

*

फेलेती शेडमध्ये जाऊन मेव्हण्याशी बोलला. काय बोलला ते लुपेनं विचारलं नाही. त्या संध्याकाळी सेमिसी पिशवी घेऊन घरात आला. पुढच्या खोलीत सोसेफोच्या शेजारी त्याच्यासाठी पलंग घातला होता, गादी, उशी, फुलांचं पांघरूण. मधली भिंत पुठ्ठ्यासारखी. पलीकडं लुपे आणि फेलेतीची खोली. फेलेतीनं कूस बदलली तरी पलंगाची करकर इकडं यायची.

सेमिसी पलंगावर बसलाच नाही. दाराशी एक खुर्ची होती, तिच्यावर तो अंगातल्या कोटासकट बसला.

पहाटे लुपे उठली तेव्हा तो तसाच बसलेला. पाय जमिनीवर टेकलेले, हात गुडघ्यांवर. पांघरुणाची घडी मोडली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तसंच. लुपेही भिंतीपलीकडं खांबासारखी ताठ पडून राहायची. कूस बदलायची चोरी, खोकायची चोरी. शेड बरी होती. तिथून निदान त्याचा खोकला मोकळा यायचा. आता तो खोकलाही तोंडावर हात ठेवून गिळत होता, आणि गिळलेला खोकला तिला जास्त ऐकू येत होता.

"आडवा हो म्हणावं त्याला," ती नवऱ्याला म्हणाली.

"म्हटलं. तो म्हणतो, घरात यायचं कबूल केलं होतं, आत आलोय. आडवं व्हायचं कबूल केलं नव्हतं."

"बुधवारी तरी?"

"बुधवारी ती बाई आली की गादीवर बसेल म्हणे." फेलेतीला हसू आलं आणि लगेच ते गेलं. "लुपे, तो कॅम्पात गेला तर काय बिघडतं गं? हंगामापुरताच तर."

"आईच्या वेळीही तू हेच म्हणालास. पुढच्या वर्षी जा, काय बिघडतं."

फेलेती उठून गाडी पुसायला गेला.

*

मंगळवारी लान आली नाही, तिचा लेक आजारी होता. ग्लेननं पुन्हा दोन बोटं जुळवली आणि या वेळी तो ओळीच्या तोंडाशी उभाच राहिला. "आज नखरे नकोत. मला कचेरीतून फोन आलाय तुमच्या घराबद्दल. इथं माझ्या डोळ्यांसमोर राहा."

तारेच्या अल्याड लुपे, पल्याड सेमिसी. कट्, ओढ, टाक. ती त्याच्या हातांकडं पाहून काम करू लागली, तोंडाकडं नाही. हात मोठे, काळवंडलेले, आईच्या हातांसारखे आखूड नखांचे. ओलांड्यावर, वेलीच्या आडव्या फांदीवर, दोघांचे हात जवळ यायचे, तेव्हा ती आपला हात मागं घ्यायची आणि तोही त्याच क्षणी मागं घ्यायचा. मग त्या काडीला कुणीच हात लावायचं नाही. ग्लेन लांबून ओरडायचा.

ऊन वर आलं. हिव वितळून वेली टपटपायला लागल्या. ऊन अंगाला लागलं तसे सेमिसीचे हात मंदावले. कात्री उघडी, काडी धरलेली, आणि हात थांबलेला. लुपेनं न राहवून मान वर केली. तो उभ्या उभ्या झोपला होता. इतक्या जवळून तिनं त्याचं तोंड गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. डोळ्यांखाली काळे खड्डे, ओठ फुटलेले. म्हातारा दिसत होता.

हाक मारावी का, ती विचार करत होती. तेवढ्यात त्याची मान कलली, तो दचकला आणि कात्री मिटली.

काडी नव्हती तिच्यात. डाव्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधली कातडी होती. रक्त तारेवर उडालं, लुपेच्या बाहीवर उडालं. सेमिसीनं आवाज केला नाही. शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा तो हाताकडं बघत राहिला.

लुपेनं डोक्याचा रुमाल ओढून काढला. तारेतून हात घालून त्याचा हात धरला. त्यानं मागं घेतला.

"दे इकडं."

"फेलेतीला बोलव."

"फेलेती गाडीवर आहे. दे म्हणते ना."

त्यानं हात दिला आणि तोंड दुसरीकडं केलं. ती रुमाल आवळत होती. रक्त रुमालातून येत होतं. ती आणखी आवळत होती आणि बोलत होती. त्याच्याशी सरळ, मध्ये कुणी नसताना, ती बहुधा लहानपणानंतर पहिल्यांदाच बोलत होती.

"आज तू आत निजायचंस. आडवं होऊन, पांघरूण घेऊन."

"लुपे, मला कॅम्पात जाऊ दे."

"मी शेडमध्ये निजेन."

तो वळला. तोंडाचा रंग पार उतरला. "तू? मी गादीवर आणि तू पत्र्यात? गावात कळलं तर माझ्या तोंडावर थुंकतील. नको. मी जातो. परत गावी जातो."

"विचारत नाहीये तुला."

"लुपे."

"मोठी बहीण सांगतेय."

सेमिसीनं मान खाली घातली. हा शब्द मोडायचा नसतो. बाप असता तर त्यानंही मोडला नसता. आपल्या बहिणीपुढं तोही अशीच मान घालायचा. सेमिसीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं असं दोघांनीही समजून घेतलं.

"आवळलंस फार," तो म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली.

ग्लेन धावत आला तेव्हा तारेच्या दोन्ही बाजूंनी दोघं तो एक हात धरून उभी होती. "भांडण मिटलं वाटतं," तो म्हणाला आणि औषधाची पेटी आणायला पळाला.

*

दवाखान्यातून टाके घालून सेमिसीला घरी आणलं, तोवर लुपेनं आपली चटई शेडमध्ये नेली होती. पेट्रोलचा डबा बाहेर ठेवला, खुर्च्या एका बाजूला लावल्या. नोआ दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे आता तू इथं? मग फरक काय पडला?"

"केरीबाईनं तो कुठं निजतो ते विचारलं. मी कुठं निजते ते तिनं विचारलेलं नाही."

"हा वेडेपणा आहे."

"असेल."

"आई, गारठून मरशील."

"तो मेला नाही."

बुधवारी केरी आली. पुढच्या खोलीत पलंग होता, पलंगावर चुरगळलेलं पांघरूण होतं, उशीला डोक्याचा खळगा होता. तिनं उशीकडं पाहून समाधानानं मान हलवली. सेमिसी हाताला पट्टी बांधून उभा होता. कमरेला चटई होती. पण ती आज वाकडी बांधलेली होती, एका हातानं.

"आता बरं वाटतं का?" केरीनं विचारलं.

नोआनं सांगितलं. सेमिसीनं सगळ्या शरीरातून श्वास सोडला.

"नाही," तो म्हणाला. "हिला सांग, मला इथं निजायची लाज वाटते. माझी बहीण पत्र्यात आहे. हिला सांग, मला कॅम्पात ने, कुठंही ने."

लुपे भिंतीआड ओट्याला टेकून उभी होती. नोआ बोलेना. लुपेच्या मनात आलं, ही पोरगी खरं तेच सांगते. शाळेतही खरंच सांगितलं होतं.

"तो म्हणतो, बरं आहे," नोआ इंग्रजीत म्हणाली. "फार बरं आहे. आता खोकलाही कमी आहे."

केरी हसली. नोआच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तू बोललीस ते बरं केलंस." गाडीत बसून ती गेली. नोआ कितीतरी वेळ तिथंच उभी होती. तो हात अजून खांद्यावर असल्यासारखी ती एका अंगाला कलली होती.

*

अंधार पडायला लागला तसा गारठा कुंपणावरून आत आला. लुपेनं शेडचं दार लोटून घेतलं आणि चटईवर गुडघे पोटाशी घेऊन ती पडली. पत्रा तडतडत आकसत होता. जमिनीतनं गारवा हाडात चढत होता. भाऊ इतके दिवस हे सोसत होता, आणि ती मऊ गादीवर पडून त्याचा खोकला ऐकत त्याला मान म्हणत होती. तिला उठावंसं वाटलं, पडून राहावंसं वाटलं. ती उठून बसली आणि पुन्हा पडली.

दार करकरलं. नोआ होती. हातात उशी, खांद्यावर फुलांचं नाही, तिचं स्वतःचं पांघरूण.

"सरक."

"तुझी खोली आहे ना."

"सोसेफोला दिली. पुढच्या खोलीत मामा घोरतो, म्हणतो." ती आईच्या पाठीला पाठ लावून पडली. तिचे पाय बर्फासारखे होते. "मी हे तुझ्यासाठी करतेय. त्या रिवाजाबिवाजासाठी नाही."

"बरं."

"मला अजूनही वाटतं की तुम्ही सगळे वेडे आहात."

"बरं म्हटलं ना."

"मी खोटं बोलले, आई."

लुपेनं मागं हात नेऊन लेकीचा पाय आपल्या पोटऱ्यांमध्ये धरला.

बाहेर पिंपात लाकडं फुटल्याचा आवाज आला. धुराचा वास आला. कुणीतरी एका हातानं काही उचलतंय, ते निसटतंय, पुन्हा उचलतंय. दगडावर दगड वाजला. मग परसातल्या हिव पडलेल्या गवतावर पावलं आली, जड, सावकाश, आणि दाराशी थांबली. धप्पकन काहीतरी जमिनीवर ठेवलं गेलं. बाहेरचा माणूस एकदा खोकला. आजारानं नव्हे, बायका आत असताना पुरुष दाराशी खाकरतो तसा. आणि पावलं आली तशी घराकडं गेली.

नोआनं हात लांब करून दाराच्या फटीतून पोतं आत ओढलं. त्यातली ऊब दोघींच्या तोंडावर आली.

"जड आहेत," ती म्हणाली. "एका हातानं कसे आणले यानं?"

लुपेनं एक दगड काढून लेकीच्या पायांशी सरकवला आणि एक आपल्या पोटाशी धरला. अंगावरच्या कपड्यातून त्याचा चटका लागत होता. तरी तिनं तो दूर केला नाही.